तराजू आणि साठविलेली नाणी

१८३५ च्या कायद्यान्वये चांदीच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजेच एक तोळा, ठरविण्यात आले. असे ८० रुपये पारड्यात टाकले की ८० तोळ्यांचा शेर भरे. त्या काळी वजन व मोल यांची अशी सांगड होती. आजच्या नाण्यांत ती उरलेली नाही. म्हणून साठविलेली नाणी न निवडता वजनावरून त्यांची रक्कम ठरविणे अयोग्य होय.

२०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे. केवळ तीच नाणी डब्यात असतील आणि रिकाम्या डब्याचे वजन वजा जाता ७५८ ग्रॅम भरले, तर रक्कम २०० रुपये मानण्यास हरकत नाही. परंतु त्याच मालिकेतील दोन रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅमचे आहे, आणि १९९२ पासून निघालेले पोलादी एक रुपयाचे नाणेही तेवढ्याच वजनाचे. दोहोंचा व्यासही २५ मिलिमीटर. अशा नाण्यांचा ढीग ९७० ग्रॅम भरला, तर रक्कम २०० रुपयांपासून ४०० रुपयांपर्यंत कितीही असू शकेल. तराजू कितीही सूक्ष्म असला, तरी हा संशय त्याला फेडता येणार नाही.

यास्तव शाळांतून मुलांच्या बचतीचा हिशेब करताना प्रथम मूल्यानुसार व मालिकेनुसार नाणी निवडावीत, मगच तोलावीत. मुलाने पै-पै करून जमविलेली रक्कम अंदाजाने निम्मी ठरू नये, एवढी दक्षता घेणे अगत्याचे आहे. मापनापूर्वी वर्गीकरण हा विज्ञानाचा धडाही त्यातून आपोआप मिळेल.