फूऽऽ करू नका, प्लीज!

पहिल्या बोनसमधून घेतलेला डीएसएलआर, आणि त्याची पहिली मोहीम माळेगावची यात्रा! नांदेड-लातूर रस्त्यावरचं हे खंडोबाचं गाव मार्गशीर्षात कसं फुलतं, ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. घोड्यांचा बाजार, माणसांचा पूर आणि 'येळकोट'च्या गजरात उधळला जाणारा भंडारा. अस्मादिकांनी त्या पिवळ्या ढगात उभं राहून चक्क लेन्स बदलली.

पुढच्या रविवारी औशाचा किल्ला. घरी येऊन बघते तर काय, प्रत्येक फोटोतल्या आकाशात त्याच जागी तेच तीन करडे ठिपके. लेन्स पुसली, ठिपके तिथेच. मग कॅमेऱ्यात डोकावून मस्तपैकी फुंकर मारली. आता ठिपके सात! थुंकीचे शिंतोडे थेट आत.

लातुरातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या काकांनी कपाळावर हात मारला. "अगं पोरी, फुंकर माणसाच्या डोळ्यात मारतात, कॅमेऱ्याच्या नाही!"

तर मंडळी, त्यांची शिकवणी तुमच्यासाठी फुकट. आधी एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा आऊट ऑफ फोकस फोटो काढा. धूळ असेल तर ठिपके दिसतीलच. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला असतो, हे लक्षात ठेवा. बॅटरी फुल चार्ज करा, नाहीतर आरसा मधेच खाली यायचा. मेनूतून सेन्सर क्लीनिंग निवडा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. टोक आत खुपसू नका. मिररलेस असेल तर आरशाची भानगड नाही, पण लेन्स काढली की सेन्सर उघडाच.

कानातले बड्स, रुमाल, हवेचा स्प्रे: तिन्ही बाद. सेन्सरवर काचेचा फिल्टर असतो. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. २००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून सेन्सरवरची धूळ झटकणारे कॅमेरे आले खरे, पण चिकटलेला डाग त्यांनाही दाद देत नाही. त्यासाठी ओला स्वॉब लागतो. हात थरथरत असेल तर सरळ जाणकाराकडे द्या. माझे सात ठिपके काकांनीच काढले.

आणि एफ/८ वर दिसतच नसेल, तर उगाच हात लावू नका. सारखी साफसफाई हासुद्धा धोकाच.

येत्या मार्गशीर्षात पुन्हा माळेगाव. एकच लेन्स लावून!