विश्लेषण : ‘मी’ हा शब्दही गोपनीय? माजी एफबीआय एजंटच्या पुस्तकावर सीआयएची कात्री का चालली?

दहशतवादावर बोलणाऱ्याच्या नावापुढे ‘माजी तपास अधिकारी’ असे लिहिलेले असले, की आपण जरा कान देऊन ऐकतो. पण या माजी अधिकाऱ्याने काय सांगायचे, हे बरेचदा सरकारच ठरवते. एफबीआय सोडून लेखक आणि सुरक्षा विश्लेषक झालेले अली सूफान यांना याचा चांगलाच अनुभव आला.

अली सूफान कोण?

लेबनॉनमध्ये जन्मलेले सूफान १९९७ मध्ये एफबीआयमध्ये दाखल झाले. तिथे अरबी बोलणारे एजंट तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. ऑक्टोबर २००० मध्ये येमेनमधील एडन बंदरात ‘यूएसएस कोल’ या युद्धनौकेवरील हल्ल्यात १७ नौसैनिक मारले गेले. त्या तपासाची धुरा सूफान यांच्याकडे होती. २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे ‘सूफान ग्रुप’ ही सल्लागार कंपनी काढली.

वाद नेमका कशावरून?

मार्च २००२ मध्ये पाकिस्तानात अबू झुबेदा जखमी अवस्थेत पकडला गेला. सूफान आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याची शुश्रूषा करत, त्याच्याशी अरबीत बोलत चौकशी केली. ९/११ च्या कटामागे खालिद शेख मोहम्मद असल्याचे त्याने सांगितले ते याच चौकशीत. पुढे सीआयएने सूत्रे घेतली आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्याच्यावर किमान ८३ वेळा ‘वॉटरबोर्डिंग’ झाले. छळामुळेच माहिती मिळाली, असा सीआयएचा दावा. माहिती आधीच मिळाली होती, असे सूफान यांचे म्हणणे. २००९ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे पडद्याआड बसून त्यांनी तशी साक्षही दिली.

पुस्तकाचे काय झाले?

‘द ब्लॅक बॅनर्स’चे हस्तलिखित एफबीआयने तपासून मंजूर केले. सीआयएने मात्र जागोजागी काट मारली. झुबेदाच्या चौकशीच्या प्रकरणांतून ‘मी’ आणि ‘मला’ हे शब्दही गेले, म्हणजे ही चौकशी लेखकाने स्वतः केली हेच वाचकाला कळू नये! सिनेटच्या जाहीर सुनावणीतील, थेट प्रक्षेपित झालेला संवादही वगळायला लावला. जे जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले, त्यात गुपित कसले? सप्टेंबर २०११ मध्ये पुस्तक काळ्या पट्ट्यांसह बाजारात आले. त्या पट्ट्या हटलेली आवृत्ती यायला २०२० उजाडले.

दुसऱ्या बाजूचे होसे रॉड्रिगेझ हे सीआयएचे माजी अधिकारी. चौकशीच्या चित्रफिती २००५ मध्ये नष्ट करण्याचा आदेश त्यांचाच. कठोर चौकशीचे समर्थन करणारे त्यांचे पुस्तक २०१२ मध्ये आले. काळ्या पट्ट्यांचे पुस्तक आणि हे पुस्तक दुकानात शेजारी ठेवले, तर सामान्य वाचकाला कोणते पटेल?

कायदा काय सांगतो?

गुप्तचर सेवेत शिरताना लेखन आधी दाखवण्याच्या करारावर सही करावी लागते. फ्रँक स्नेप या सीआयएच्या माजी अधिकाऱ्याने व्हिएतनामवरील पुस्तक न दाखवता छापले. त्यात गोपनीय माहिती असल्याचा सरकारचा दावा नव्हता, तरी १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाची कमाई सरकारजमा केली. गुपिते राखायला तपासणी हवीच. पण ज्या संस्थेवर आरोप आहेत, तिच्याच हाती कात्री द्यावी का, हा प्रश्न उरतो.

मग सूफान यांचे सगळे खरे मानायचे?

तसेही नाही. सुरक्षा सल्ला हा त्यांचा व्यवसाय आहे, त्यांचा अनुभव हेच त्याचे भांडवल. पण झुबेदाबाबत त्यांच्या बाजूने मोठा पुरावा आहे. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सिनेट समितीच्या अहवालानेही ती माहिती छळाआधीच मिळाल्याचे नोंदवले.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे नियम आणखी कडक आहेत. ३१ मे २०२१ च्या दुरुस्तीनुसार गुप्तचर व सुरक्षाविषयक संस्थांमधील निवृत्तांना संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही छापण्यापूर्वी संस्थाप्रमुखांची परवानगी घ्यावी लागते. नियम मोडला, तर निवृत्तिवेतन रोखले जाऊ शकते.