भाव कमी केला म्हणून माप कमी करायचं का?



डिस्काउंटवरचा परवाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात एक किस्सा सांगायचा राहून गेला, तो आज इथे लिहितोय.

आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस होता. पुण्यातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटची ॲपवर ऑफर दिसली. बुधवारी दुपारी जेवायला या, बिलावर 40 टक्के सूट. मी लगेच टेबल बुक केलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईनं ठेवणीतली साडी काढली. अशा ठिकाणी दोघंही पहिल्यांदाच जात होते.

दारातल्या कॅप्टननं छान हसून स्वागत केलं. खिडकीजवळच्या टेबलाकडे घेऊनही निघाला. मी मोबाईलवर बुकिंग दाखवलं आणि त्याचं हसू गेलं. "ओह, ऑफरवाले का? मग तिकडे बसा," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून त्यानं किचनच्या दाराजवळचं टेबल दाखवलं. निम्म्याहून जास्त हॉल रिकामा होता, बरं का!

आईचा चेहरा उतरला. बाबा काही बोलले नाहीत. जेवण चांगलं होतं, पण पाणीसुद्धा दोनदा मागावं लागलं. बाहेर पडल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "अरे, भाव कमी केला की मापही कमी करायचं असतं का?"

बाबांनी साताऱ्यात तीस वर्षं किराणा दुकान चालवलं. दिवाळीत साखरेचा भाव उतरवला तरी तराजू तोच असायचा. मी इतकी वर्षं ट्रेनिंग देतोय, पण हे इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता दुसरी बाजूही बघू. रेस्टॉरंटवाल्याचं दुखणं खोटं नाही. समजा, बिल 1000 रुपयांचं आहे आणि त्यात कच्च्या मालाचा खर्च 350. म्हणजे भाडं, पगार, वीज आणि नफा यांसाठी 650 उरले. आता 50 टक्के सूट द्या. हातात येणार 500, कच्चा माल तेवढाच, उरले फक्त 150. तेवढेच 650 सुटायला चारपेक्षा जास्त गिऱ्हाइकं लागतील. ॲपचं कमिशन असेल तर ते वेगळंच!

म्हणूनच ऑगस्ट 2019 मध्ये देशभरातल्या रेस्टॉरंटवाल्यांनी 'लॉगआऊट' मोहीम काढली होती. एका डिशवर एक फुकट देणाऱ्या झोमॅटो गोल्डसारख्या योजनांमधून अनेक जण बाहेर पडले. गुरुग्राममधून सुरू झालेली ही मोहीम मुंबई-पुण्यापर्यंत आली. वर्षभर, रोज, सगळ्यांनाच सूट द्यायची म्हटली तर धंदा कसा चालणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

पण मित्रांनो, बुधवारच्या दुपारचं गणित वेगळं आहे. रिकामी खुर्ची उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. दुपार संपली की तिची किंमत शून्य. तिथे 150 रुपये सुटले तरी ती कमाईच. तीच सूट शनिवारी रात्री दिली, तर पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक दारात ताटकळणार आणि तुमचं नुकसान होणार. म्हणजे त्या मालकानं ऑफरची वेळ अगदी बरोबर निवडली होती. रिकामं टेबल भरलं, नवं कुटुंब दारात आलं. आणि कॅप्टनच्या एका वाक्यानं सगळ्यावर पाणी फिरलं.

दोष एकट्या कॅप्टनचाही नाही. बिल कमी म्हणजे टिप कमी, हे स्टाफच्या डोक्यात असतंच. ते मालकानं आधीच ओळखायला हवं.

म्हणून ऑफर लावण्याआधी तीन गोष्टी करा.

1. एका बिलामागे नक्की किती रुपये सुटतात ते कागदावर मांडा. परवडत नसेल तर ऑफर देऊच नका. त्यात लाज कसली?

2. ऑफर फक्त रिकाम्या वेळेसाठी ठेवा, आणि अटी आधीच स्पष्ट लिहा.

3. कूपन टेबल देताना नाही, बिलाच्या वेळी बघा. ऑफरच्या दिवशी स्टाफला थोडा ठरावीक इन्सेंटिव्ह द्या, म्हणजे त्यांची सेवा टिपवर अडून राहणार नाही.

आता माझीही एक कबुली. त्या रात्री मला माझंच वर्कशॉप आठवलं. पूर्ण फी भरणाऱ्यांना पुढच्या रांगा, सवलतीत आलेल्यांना मागच्या. हा नियम माझाच होता. कॅप्टन तोंडानं बोलला, मी खुर्च्यांनी बोलत होतो. पुढच्या बॅचपासून तो नियम बंद केला. आता जो आधी येईल तो पुढे बसतो.

सूट द्यायची की नाही, हा तुमचा निर्णय. पण एकदा दिलीत की ती तुम्ही दिलेली आहे, गिऱ्हाइकानं भीक मागितलेली नाही. ते टेबल भरलं असतं तर आम्ही पुढच्या वर्षी पूर्ण पैसे देऊन परत गेलो असतो, असं मी म्हणणार होतो. पण टेबल तर भरलंच होतं. माणसं तेवढी परत जाणार नाहीत.

तुमच्या दुकानात ऑफरवालं गिऱ्हाईक कुठे बसतं? प्रामाणिकपणे कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.