विश्लेषण : समृद्धीच्या वेगावर पोट भरता येईल? जालन्यातील तरुणांसाठी तातडीच्या मालवाहतुकीचे गणित

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. त्यातील सुमारे ४२ किलोमीटर जालना जिल्ह्यातून जातात. आज संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे मुंबईच्या वेशीवर उभी करता येते, त्यामुळे ‘अर्जंट गाडी’ची मागणी जालन्यातही ऐकू येऊ लागली आहे. शेती अपुरी पडते आणि नोकरी मिळत नाही, अशा वेळी कर्जावर पिकअप घेऊन या धंद्यात उतरण्याचा विचार अनेक तरुण करतात. त्यासाठी परवाना कोणता लागतो, खर्च किती येतो आणि पैसा नेमका कुठे मिळतो किंवा अडतो, याचा हा आढावा.

तातडीची मालवाहतूक म्हणजे काय?

नेहमीच्या ट्रान्सपोर्टमध्ये अनेकांचा माल गोदामात जमा होतो, गाडी भरते आणि मग निघते. तातडीच्या वाहतुकीत एकाच व्यापाऱ्याचा किंवा कारखान्याचा माल ठरलेल्या वेळेत, मध्ये कुठेही न उतरवता, थेट पोहोचवायचा असतो. माल कमी असला तरी संपूर्ण गाडीचे भाडे मिळते, कारण ग्राहक जागेसाठी नव्हे तर वेळेसाठी पैसे मोजतो. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अनेकदा दोन चालक आळीपाळीने बसतात. आपल्याकडे हेच काम छोटा हत्ती, पिकअप आणि १४ ते १९ फुटी गाड्या करतात, बहुतेकदा एकाच चालकाच्या जिवावर.

जालन्यात असा माल कोणता?

जालना औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांची सळई जड ट्रकवर जाते. तो तातडीचा माल नाही. मात्र रोलिंग मिलचा एखादा सुटा भाग निकामी झाला की मिल थांबते, आणि तो भाग पुणे-मुंबईहून त्याच रात्री आणावा लागतो. जालना हे बियाण्यांचे मोठे केंद्र आहे. मृगाच्या आधीच्या आठवड्यांत बियाण्याची पाकिटे दुकानात पोहोचली नाहीत तर पुढे त्यांना गिऱ्हाईक राहत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी नाशवंत आहे. शिवाय जालना बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ आहे आणि तिथेही वेळेला किंमत आहे.

यातील बरीच मागणी हंगामी आहे. मे-जूनमध्ये गाडी मिळत नाही आणि ऑगस्टमध्ये भाडे मिळत नाही, अशी स्थिती येऊ शकते. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने सारखाच असतो.

परवाना कोणता लागतो?

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला होता आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच कायम ठेवला. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायला वेगळा बॅज काढण्याची गरज नाही. येथे वजन म्हणजे रिकाम्या गाडीचे नव्हे, तर मालासह मान्य असलेले एकूण वजन. ते आरसी पुस्तकावर लिहिलेले असते.

त्यापुढच्या गाड्यांसाठी परिवहन संवर्गाचा परवाना लागतो. त्यासाठी वय २० पूर्ण हवे, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा, तसेच वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण शाळेचा दाखला हवा. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली. हा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो. ज्वलनशील किंवा घातक रसायने न्यायची असतील तर त्याचे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करावी लागते.

गाडीच्या परमिटचा विषय वेगळा आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याहून मोठ्या गाडीला ते घ्यावे लागते, आणि राज्याबाहेर जायचे तर नॅशनल परमिट लागते. योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते.

गाडी जोरात पळवली तर जास्त कमाई होते का?

नवा चालक इथेच फसतो. समृद्धीवर मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. तीनशे किलोमीटरचे अंतर या वेगाने पावणेचार तासांत कापले जाते. तेच ताशी १०० ने कापले तर तीन तास लागतात. म्हणजे जीव, दंड आणि परवाना पणाला लावून वाचली फक्त ४५ मिनिटे. मध्यम आणि जड वाहनाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल कायद्याने दोन ते चार हजार रुपये दंड आहे, आणि पुन्हा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो. दुसरीकडे हमाल आले नाहीत, गेटपास झाला नाही किंवा गोदाम बंद झाले, की तीच गाडी भिवंडीत अर्धा दिवस उभी राहते.

त्यामुळे या धंद्यातला वेळ पायाखाली कमी आणि गोदामाच्या दारात जास्त वाचतो. माल किती वाजता भरून मिळणार, उतरवून कोण घेणार, ठरावीक तासांनंतर थांबण्याचे पैसे किती, हे भाडे ठरवतानाच बोलून घेणारा चालक ताशी ८० च्या वेगानेही वेळेत पोहोचतो.

खर्चाचे आकडे काय सांगतात?

१ एप्रिल २०२५ पासून समृद्धीवर हलक्या मालवाहू वाहनाला किलोमीटरमागे ३ रुपये ३२ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला ६ रुपये ९७ पैसे टोल आहे. तीनशे किलोमीटरला पिकअपचे ९९६ आणि ट्रकचे २,०९१ रुपये होतात. येताना हाच रस्ता धरला तर रक्कम दुप्पट होते. टोल जाताना परवडतो, कारण ग्राहक वेळेचे पैसे देतो. रिकामी गाडी घेऊन येताना त्याच वेगाचे पैसे चालक स्वतःच्या खिशातून भरतो. अनेक चालक येताना जुना रस्ता धरतात, त्याचे कारण हेच.

विम्याचा खर्चही ठरलेला आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरानुसार ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा वर्षाला १६,०४९ रुपये आहे. कर आणि गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. भाडे मिळो न मिळो, दिवसाला सुमारे ४४ रुपये इथेच जातात.

समजा, गाडीचा हप्ता महिना २० हजार आहे. महिन्यात वीस फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर हप्त्याचे एक हजार रुपये पडतात. दहाच झाल्या तर दोन हजार. भाड्याचा दर कितीही चांगला असला तरी फेऱ्या निम्म्या झाल्या की नफा हप्त्यातच जातो. म्हणूनच परतीचे भाडे हा या धंद्याचा कणा आहे. जाताना मिळालेल्या भाड्यात डिझेल, टोल, हप्ता आणि जेवण निघते. चालकाच्या घरी जाणारा पैसा बहुतेकदा परतीच्या भाड्यातूनच येतो.

कर्ज आणि सवलती किती उपयोगी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मुद्रा योजनेतून व्यावसायिक वाहनासाठी कर्ज मिळू शकते. मराठा समाजातील तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देते. मात्र हा परतावा आधी हप्ता भरल्यानंतर मिळतो. हप्ता थकला तर परतावाही अडतो. त्यामुळे योजना मंजूर झाली तरी सुरुवातीच्या काही महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम हाताशी नसेल, तर सवलतच अडचणीची ठरू शकते.

कागद कोणते जपायचे?

बिल्टी, बीजक आणि ई-वे बिल. राज्यांतर्गत एक लाख रुपयांपेक्षा आणि राज्याबाहेर ५० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर बिलावर नव्या गाडीचा क्रमांक टाकावा लागतो. कागदात चूक असेल तर मालासह गाडीही अडवली जाते. चूक व्यापाऱ्याची असली तरी रस्त्यावर उभा राहतो तो चालक.

जास्तीचा माल टाकण्याची गळ तर रोजची असते. त्याला कायद्याने २० हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. एका दंडात अनेक फेऱ्यांची कमाई जाते. पोहोचलेल्या मालाची सही-शिक्क्याची पोच सांभाळणेही महत्त्वाचे. बाकीचे भाडे तिच्यावरच सुटते.

झोपेचा हिशेब कोण ठेवतो?

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, तसेच सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातही दिवसाचे आठ तासच आहेत. युरोपात जड वाहनात बसवलेले यंत्र चालकाचे तास नोंदवते आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबणे सक्तीचे आहे. आपल्याकडे एकट्या मालक-चालकाच्या गाडीत हे तास मोजणारे कुणीच नाही. उलट, नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक ठेवण्याची सक्तीही २०१८ मध्ये उठली.

समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष सुटते. १ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ मिनी बस थांबलेल्या ट्रकवर आदळून १२ जण दगावले. झोप आली म्हणून मार्गिकेच्या कडेला गाडी उभी करणे हाही उपाय नाही, हे या दुसऱ्या अपघातातून दिसते. थांबायचे कुठे, हे निघण्याआधीच ठरवावे लागते.

मग सुरुवात कशी करावी?

पहिले वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक म्हणून काम केले, तर कोणत्या महिन्यात कुठला माल निघतो, कोणता व्यापारी बाकी वेळेत देतो आणि परतीचे भाडे कुठे मिळते, हे कर्ज न काढता कळते. याच काळात जड वाहनाच्या परवान्यासाठी लागणारे एक वर्षही भरून निघते. परतीच्या मालाची किमान एक-दोन ठिकाणे आणि काही महिन्यांचे हप्ते हाताशी आल्यावरच गाडी घेणे सुरक्षित. डिसेंबर २०१५ मध्ये भूमिपूजन झालेल्या जालन्याच्या ड्राय पोर्टवरून पुढे किती माल मिळेल, या आशेवर आज हप्ता बांधून घेऊ नये.

आणि रात्री अकरा वाजता, दिवसभर गाडी चालवून आल्यावर, जास्त भाड्याचा फोन आला तर? ते भाडे नाकारता येईल एवढी शिल्लक गाठीला असेल, तरच हा धंदा चालकाच्या हातात आहे. नसेल तर गाडी चालक चालवत असला, तरी चालकाला हप्ता चालवत असतो.