आधी हवा मोजा, मग दिवा विझवा

थंडी सुरू झाली की गॅरेजच्या दारात एक तक्रार हमखास येते. मीटरवर घोड्याच्या नालासारखे पिवळे चिन्ह, मधोमध उद्गारचिन्ह. गिऱ्हाईक वैतागलेले असते. ‘परवाच पंपावर चारही चाकांत हवा भरली, तरी हा दिवा जात नाही. तेवढा बंद करून द्या.’ मग काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. कोणीतरी सीटवर बसतो, स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये जाऊन रीसेट दाबतो, दिवा जातो आणि गाडीही जाते. गाडीचे चाक कोणी हातानेही चाचपत नाही. हे मासिक गॅरेजवाले, टायरवाले आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग करणारे वाचतात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो: हवा न मोजता दाबलेला रीसेट ही दुरुस्ती नाही, ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. करणाऱ्याच्या मनात तसे नसले तरीही.

असे म्हणण्याचे कारण यंत्रणेतच आहे. दिवा एकसारखा दिसला तरी त्यामागे दोन वेगळ्या पद्धती असतात. एका पद्धतीत टायरच्या आत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेले चाक किंचित बसते, त्याचा परीघ घटतो आणि तेवढेच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. एबीएसचे सेन्सर चारही चाकांचे फेरे मोजतच असतात. संगणक ते ताडून पाहतो आणि एखादे चाक वेगळे वागू लागले की दिवा लावतो. म्हणजे ही यंत्रणा हवा मोजत नाही, फक्त फरक ओळखते. रीसेट दाबला की पुढच्या काही किलोमीटरमध्ये चाके जशी फिरतील, तीच तिच्या लेखी योग्य स्थिती ठरते. मागचे डावे चाक २४ पौंडांवर असताना तुम्ही रीसेट दाबलात, तर त्या चाकाला २४ हवाच योग्य, असे तुम्ही गाडीला शिकवलेत. आता ते चाक आणखी बरेच उतरेपर्यंत गाडी गप्प बसेल. मालक मात्र निर्धास्त होऊन पोराबाळांसह समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने निघालेला असेल.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींवर, आपल्याकडे साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झवर, गाडीला कळवतो. बॅटरी वाचवण्यासाठी गाडी उभी असताना तो बहुतांशी झोपलेला असतो, चाक फिरू लागल्यावर जागा होतो. त्यामुळे हवा भरल्या भरल्या दिवा गेला नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. गाडी थोडी चालवून आणा आणि मग बोला. त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि बहुतेक सेन्सरमध्ये ती बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. या गाड्यांत एक गोष्ट आधी पाहायला हवी. चावी फिरवल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होतो, की थेट स्थिर लागतो? बहुतेक गाड्यांत लुकलुकणे म्हणजे यंत्रणेतच बिघाड: सेन्सर मेला, जोडला गेला नाही किंवा भलत्याच फ्रिक्वेन्सीचा बसवला. थेट स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. एवढा प्रश्न विचारला तरी अर्धा शोध दारातच संपतो, आणि गिऱ्हाइकाला विनाकारण सेन्सरचे बिल लागत नाही.

हा दिवा हौसेपोटी आलेला नाही. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांची साल वेगात सुटून गाड्या उलटल्या, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या प्रकरणातून २००० साली तिथे कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची झाली. पण त्याच नियमातली एक गोष्ट आपल्या गिऱ्हाइकांना कोणी सांगत नाही. दिवा लागायची तिथली मर्यादा शिफारस केलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी ही आहे. ३३ च्या टायरला ती २५ च्या आसपास येते. म्हणजे दिवा लागतो तेव्हा आठ पौंड हवा गेलेली असू शकते, आणि २७ वर चालणाऱ्या गाडीत तो कदाचित लागणारही नाही. दिवा नाही म्हणून हवा ठीक, हे समीकरण चुकीचे आहे. मग दिवा लागलेला असतानाही ‘सेन्सर फॉल्टी असेल’ म्हणून हात झटकणाऱ्याला काय म्हणावे?

आता थंडीतल्या त्या गिऱ्हाइकाकडे वळू. तो खोटे बोलत नाही, त्याने हवा भरलेलीच असते. फक्त केव्हा भरली ते विचारायला हवे. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असेल तर टायर थंड. हायवेवरून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पौंड सहज चढलेले असतात. त्या गरम टायरमध्ये पंपावरच्या पोराने मोजून ३३ केले, म्हणजे सकाळी तिथे २८-२९ मिळणार. यात ऋतूची भर पडते. दर दहा अंशांमागे साधारण दीड पौंड, हा हिशेब लक्षात ठेवावा. मे महिन्यात ३८ अंशांच्या दुपारी ३३ भरलेला टायर निफाडकडच्या १२ अंशांच्या पहाटे २९ च्या आसपास येतो. शिवाय चांगल्या टायरच्या रबरातूनही महिन्याला पौंडभर हवा झिरपत असते. मे ते डिसेंबर कोणी पाहिलेच नाही, तर चाकात सेन्सर असलेल्या गाडीत कुठेही पंक्चर नसताना टायर २४ वर येऊन दिवा लागू शकतो. तासाभराने टायर तापतात, दिवा जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. ‘आपोआप येतो-जातो, म्हणजे सेन्सरच खराब’ हा निष्कर्ष इथेच निघतो. खरे तर सेन्सर आपले काम चोख करतो आहे. नायट्रोजन भरला तरी थंडीच्या या हिशेबात फरक पडत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि थंडीत तोही तसाच आकसतो.

चारही चाके सारखी उतरली असतील तर कारण बहुधा ऋतू किंवा दुर्लक्ष. एकच चाक पुन्हा पुन्हा उतरत असेल तर गळती आहे आणि ती सापडलीच पाहिजे. खिळा दिसला नाही म्हणून शोध थांबवू नका. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर नजर हलवू नका. पिन गळत असेल तर थेंब फुगत नाही, नुसता हळूच घुमटासारखा वर येतो. घाईत असलेल्या माणसाला ते दिसणारच नाही. मग व्हॉल्व्हचा बुंधा जरा वाकवून तिथेही पाणी टाका. भेगाळलेले रबर वाकवल्यावरच बोलते. त्यानंतर रिमची कड. आपल्याकडे कोकणपट्टीत, खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या गाड्यांच्या अलॉय रिमवर बीड बसते त्या पट्ट्यात पांढरट भुकटी साठते, रंगाला फोड येतात आणि त्या खडबडीतून हवा निसटत राहते. यावर हवा भरत राहणे हा इलाज नाही. टायर उतरवा, पट्टा घासून गुळगुळीत करा, बीड सीलर लावा आणि मगच चढवा. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवली की डोळ्यांना कळते. मशीन समोर असताना ती न फिरवणे हा आळस आहे.

टायर उतरवलाच असेल तर आत हात घालून पाहा. कमी हवेवर बराच चाललेल्या टायरच्या आत काळा रबरी भुगा सापडतो, बाजूच्या भिंतीवर आतून गोल घासल्याची पट्टी दिसते. असा टायर बाहेरून नवाकोरा दिसला तरी त्याची भिंत आतून मेलेली असते. पंक्चर काढून तो परत चढवू नका. गिऱ्हाइकाला बोलावून तो भुगा त्याच्या तळहातावर द्या. मग नवा टायर का हवा हे त्याला वेगळे समजवावे लागत नाही. बाहेरून वात ठोकून पंक्चर काढणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, आणि त्या पद्धतीवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

सेन्सर असलेल्या चाकाला हात वेगळा लावावा लागतो. बीड ब्रेकर व्हॉल्व्हजवळ टेकवला की सेन्सरचे कवच फुटते आणि तो खर्च कोणाचा यावरून भांडण होते. टायर उतरवलाच आहे तर व्हॉल्व्हखालचे रबरी सील, वायसर आणि पिन नवी टाका. जुने सील चपटे होऊन कडक झालेले असते आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला साधी पितळी पिन किंवा चमकदार धातूचे ढक्कन लावू नका. दोन धातू एकमेकांना खातात आणि ढक्कन काढताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. निकेल मुलामा दिलेली पिन आणि प्लॅस्टिकचे ढक्कन, बस. ट्यूबलेसमध्ये ओतायचे लिक्विड सेन्सरच्या छिद्रात बसले तर तो चुकीचा दाब सांगतो किंवा बंदच पडतो. असे चाक आले तर आधी ते धुवा. टायर रोटेशननंतर कोणता सेन्सर कुठल्या चाकात आहे हे अनेक गाड्यांना पुन्हा शिकवावे लागते. ते न करता गाडी सोडली तर मीटर पुढच्या उजव्या चाकाकडे बोट दाखवेल आणि गळत असेल मागचे.

इथेच आपल्या धंद्यातली एक जुनी खोड आड येते. टायरवाला म्हणतो, दिवा हे गॅरेजचे काम. गॅरेजवाला म्हणतो, हवा हे टायरवाल्याचे. गिऱ्हाईक दोन दारांत हेलपाटे घालते आणि शेवटी दिव्याकडे बघणेच सोडून देते. चारचाकी हाताळणाऱ्या टायरच्या दुकानात सेन्सर वाचणारे छोटे यंत्र आता असायलाच हवे, आणि प्रत्येक गॅरेजमध्ये भरवशाचा प्रेशर गेज. गेजच दोन-तीन पौंड खोटा बोलत असेल तर वर लिहिलेले सगळे व्यर्थ आहे. तपासणीचे पैसे जरूर घ्या. अर्ध्या तासाच्या शोधाला मोल आहे, ते सांगायला संकोच कसला?

ही जबाबदारी आता आणखी वाढली आहे. २०२० च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशात ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे किट आणि ही दाबसूचक यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिलेली नाही. काही नव्या गाड्या, विशेषतः इलेक्ट्रिक, स्टेपनीशिवाय येतात. त्या गाडीत हा दिवा आणि एक छोटा पंप, एवढाच आधार उरतो. तो दिवा आपण खोटा पाडला तर रात्री हमरस्त्यावर त्या माणसाकडे बदलायला पाचवे चाक नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. दिव्याची तक्रार घेऊन आलेली गाडी शक्य असेल तर रात्रभर ठेवून घ्या, सकाळी थंड टायरची हवा मोजा, चारही आकडे बिलावर लिहून द्या आणि कारण सापडले तर तेही लिहा. सापडले नाही तर तसे लिहा आणि गिऱ्हाइकाला आठ दिवसांनी फेरतपासणीला बोलवा. रीसेटचे बटण त्यानंतर दाबा.