जपानीचा दाखला, मराठीची वाट

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे पहिले वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली, आणि त्याच धोरणाच्या अंतिम स्वरूपात शाळांसाठी सुचविलेल्या परकीय भाषांच्या यादीतून आदल्या वर्षीच्या मसुद्यातील चिनीचे नाव गळून जपानीच्या जोडीला कोरियन येऊन बसली. सीमेवरच्या वैमनस्याचा हिशेब भाषेवर वसूल करावा, हे मला पटलेले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पालीचे पंडित पु. वि. बापट यांनी मूळ पाठ लुप्त होऊन संपूर्ण स्वरूपात केवळ चिनी अनुवादाच्या रूपाने उरलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना 1937 साली प्रसिद्ध केली, ती चिनी अवगत असल्यामुळेच, आणि 1938 साली चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथल्या जखमी सैनिकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. असो.

आज नवी मुंबईतल्या जुईनगरसारख्या उपनगरातला तरुण या भाषांकडे वळतो तो उपजीविकेच्या विचाराने, आणि त्यात गैर काहीच नाही. कुशल कामगारांना जपानमध्ये रोजगार मिळावा म्हणून भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये करारही झाला आहे. मात्र एका वर्षाच्या दाखल्याचे मोल नेमके किती, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच त्यास कोणीतरी सांगावयास हवे. त्या मुदतीत हिरागाना आणि कटाकाना या दोन लिप्या, शंभरेक कांजी आणि आठएकशे शब्द, म्हणजे जपानी प्रावीण्य परीक्षेची ‘एन-5’ ही सर्वांत खालची पायरी, नेटाने अभ्यास केल्यास साधते. परंतु दुभाष्याच्या वा अनुवादकाच्या कामासाठी बहुधा जी ‘एन-2’ मागितली जाते, तिला सुमारे हजार कांजी आणि सहा हजार शब्द लागतात. पहिल्या वर्षानंतर नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती या अंतराविषयी मौन पाळतात.

माझा खरा आक्षेप अध्यापनाच्या रीतीवर आहे. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे सर्वत्र प्रचलित पाठ्यपुस्तक आणि त्यासोबतची इंग्रजी व्याकरणपुस्तिका घेऊन आमचे विद्यार्थी बसतात, आणि जी वाक्यरचना त्यांच्या जिभेवर जन्मापासून आहे ती इंग्रजीच्या आडवळणाने, उलटीची सुलटी करून शिकतात. ‘वाताशी वा एकि दे होन ओ काइमासु’ हे वाक्य घ्या: मी, स्टेशनात, पुस्तक, विकत घेतो. क्रम तोच, क्रियापद शेवटी. ‘दे’ आपल्या सप्तमीसारखे नामाच्या मागून येणारे, आणि विषय दाखविणारे ‘वा’ व कर्माला चिकटणारे ‘ओ’ एवढेच काय ते जादा. कोरियनचीही घडण याच जातीची. चिनीचे तसे नाही. तिथे क्रियापद कर्माच्या आधी येते. थोरामोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलण्याची जी सवय जपानीत नवशिक्यास भंडावून सोडते, तिचे मर्म ‘ये’, ‘या’ आणि ‘यावे’ यांतला भेद जाणणाऱ्या मुलास दोन वाक्यांत सांगता येईल.

नवी मुंबईतील महाविद्यालयांनी आणि त्यांना संलग्नता देणाऱ्या मुंबई विद्यापीठाने या प्रमाणपत्र वर्गांसाठी मराठीतून लिहिलेली व्याकरणपुस्तिका सक्तीची करावी आणि ती लिहिण्याचे काम जपानी शिकविणाऱ्या मराठी प्राध्यापकांकडे योग्य मानधन देऊन सोपवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.