उपचार संपले, भीती उरली



आमच्या चाळीतल्या एका वहिनींचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. पुढे केमो झाली, रेडिएशन झाले. डॉक्टर म्हणाले, आता तपासणीपुरतेच या. घरच्यांनी पेढे वाटले. पण परवा नळावर भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "ताई, सगळे म्हणतात बरी झालीस. पण पाठीत जरा चमक आली तरी वाटतं, आला परत! तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. घरात सांगितलं तर म्हणतील, हिचं रडगाणं काही संपत नाही."

भगिनींनो, हे रडगाणे नव्हे. उपचार चालू असताना दवाखाना, रिपोर्ट आणि पैशाची जुळवाजुळव यांतच दिवस जातो. ते संपले की माणसे आपापल्या कामाला लागतात आणि बाईचे मन एकटे पडते. आजार उलटण्याची ही भीती फार जणांना छळते. डॉक्टरही ती मानतात, आणि तिच्यावर उपाय आहे.

आर्य अष्टांगिक मार्गातील सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. आता जे घडते आहे त्याचे भान ठेवणे. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानातून ही रीत घेऊन रुग्णालयातील रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तो कर्करोगाच्या रुग्णांनाही शिकवला जाऊ लागला. पण वर्ग शहरात. दूरच्या बाईने दर आठवड्याला जायचे कसे? म्हणून कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ६२ रुग्णांवर हा वर्ग इंटरनेटवरून घेऊन पाहिला. २०१४ साली निष्कर्ष आले. मनाची अस्वस्थता आणि ताण कमी झाला होता. नेदरलँडमध्ये २४५ रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. समोर बसून शिकलेले आणि घरी इंटरनेटवर शिकलेले, दोघांचाही मानसिक त्रास नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपेक्षा कमी झाला. मात्र घरी शिकणाऱ्यांपैकी काहींनी मध्येच सोडले. एकटीने नेटाने करणे सोपे नसते.

आपल्या घरात तर फोन एक आणि खोलीही एकच. तेव्हा वेळ ठरवून घ्या. मुले शाळेत गेल्यावर किंवा पहाटे पाणी भरून झाल्यावर दहा मिनिटे. शिकवणाऱ्याचा आवाज फोनवर लावा. खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून बसा. श्वास येतो, जातो, एवढेच पाहा. मन पळाले की मनात म्हणा, "भीती आली." तिला हाकलू नका, तिच्याशी भांडूही नका. पुन्हा श्वासाकडे या. शंभर वेळा पळाले तर शंभर वेळा परत आणा. अभ्यास तोच आहे. ऑपरेशनच्या जागेकडे लक्ष जाऊन जीव घाबरला तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकल्याचे जाणवू द्या आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

आणखी तीन गोष्टी सांगते. पहिली, याने कर्करोग बरा होत नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नका. गोळ्या आणि तपासणी चुकवू नका; नवे दुखणे टिकून राहिले तर ध्यान करीत न बसता डॉक्टरांना दाखवा. दुसरी, झोप आणि जेवण सुटले, जगणे नको वाटू लागले, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. तिसरी गोष्ट घरच्या पुरुषांसाठी. "बरी झालीस ना, मग आता काय?" असे विचारू नका. ती दहा मिनिटे बसेल तेवढा वेळ चहाचे आधण तुम्ही ठेवा. जमले तर शेजारी बसा.

आमच्या वहिनींची लेक आता रोज पहाटे आईबरोबर बसते. गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "ताई, भीती गेली नाही. पण आली की आता ओळखते मी तिला. पूर्वी रात्रभर बसायची, आता जरा बसून जाते."

एवढे झाले तरी रात्रीची झोप परत मिळते. तुमच्या शेजारी अशी कोणी बरी झालेली बहीण असेल, तर आज तिच्याकडे जाऊन या. रिपोर्ट विचारू नका. झोप लागते का, ते विचारा.